जवळ म्हणजे नेमके किती? आसपासचे कार्यक्रम शोधून देणाऱ्या ॲपचा आढावा

मोबाइलच्या नकाशात ‘मलकापूर’ टाकले, की महाराष्ट्रातली निदान तीन गावे पुढे येतात. एक मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे, बुलढाणा जिल्ह्यातले. दुसरे कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातले. तिसरे सातारा जिल्ह्यातले, पुणे-बेंगळुरू महामार्गावर कराडला खेटून असलेले. बुलढाण्याच्या मलकापूरचा पिनकोड ४४३१०१. तो लगेच वेगळा काढता येतो. शाहूवाडीचा ४१५१०१ आणि कराडजवळचा ४१५५३९. पहिले तीन आकडे सारखेच. आसपासच्या माणसाला यात गोंधळ वाटत नाही, कारण ‘कुठले मलकापूर?’ हे बोलताना विचारता येते. यंत्राला ते आधी शिकवून ठेवावे लागते.

आढाव्याचा विषय वरवर साधा आहे. फोन जिथे आहे तिथून जवळपास आज, उद्या किंवा या आठवड्यात काय घडणार आहे, ते सांगणारे ॲप कसे असावे? व्याख्यान, कुस्तीचे मैदान, नाटक, आरोग्य शिबिर, पोहण्याचा वर्ग, गड चढायला निघालेला गट, यात्रा, ग्रंथप्रदर्शन, सगळे यात येते. पंचवीस वर्षे जगभर यावर काम चालू आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांनी त्यात हात घालून पाहिला आहे. तरीही कराडजवळच्या मलकापूरसारख्या शहरात हे काम फ्लेक्स, भोंगा लावलेली रिक्षा आणि व्हॉट्सॲपचे गट करतात. असे का, हे समजून घ्यायचे तर नकाशापेक्षा नोंदवहीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

इथवरचा प्रवास

माणूस कुठे उभा आहे हे ओळखून त्याला माहिती द्यायची, ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात कीथ चेव्हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गाइड’ नावाची यंत्रणा उभारली. शहर पाहायला आलेल्याच्या हातात एक छोटा संगणक दिला जाई आणि जागेनुसार त्यावरची माहिती बदले. या प्रयोगातला एक अनुभव आजही उपयोगी आहे. त्या वेळी बंद असलेली ठिकाणे यंत्रणा यादीतून आपणहून गाळत असे. पाहुण्याचा वेळ वाचावा हा हेतू. लोकांना ते रुचले नाही. इमारत आतून बंद असली तरी काहींना ती बाहेरून पाहायची होती. यंत्राने परस्पर काय लपवावे आणि काय दाखवावे, हा वाद तेव्हाच सुरू झाला.

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ठिकाण काही मीटरपर्यंत कळू लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्रॉली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी ‘डॉजबॉल’ सुरू केले. आपण कुठे आहोत ते एसएमएसने कळवायचे आणि जवळ कोणी मित्र असेल तर त्याला निरोप जायचा. गूगलने २००५मध्ये ते विकत घेतले आणि २००९मध्ये बंद केले. क्रॉली यांनी लगेच ‘फोरस्क्वेअर’ आणले. ठिकाणी पोहोचल्याची नोंद केली की गुण, बिल्ले आणि सर्वाधिक वेळा येणाऱ्याला त्या जागेचे ‘महापौरपद’! काही वर्षे ते फार गाजले. पण शहरातली ठिकाणे सुचवणारे त्यांचे ॲप डिसेंबर २०२४मध्ये बंद झाले. ‘मीटअप’ मात्र २००२पासून टिकून आहे. तिथे समान आवड असणारे आधी गट बांधतात आणि मग प्रत्यक्ष भेटतात.

भारतात ‘जस्टडायल’ १९९६पासून दूरध्वनीवर दुकानांचे पत्ते सांगत होते. ‘बुकमायशो’ने २००७पासून तिकिटांच्या वाटेने कार्यक्रमांची यादी घराघरात नेली. आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग मात्र मुंबईत झाला. गूगलने मे २०१८मध्ये ‘नेबरली’ हे ॲप प्रथम मुंबईकरांना दिले. मुलांसाठी जवळची बाग कोणती, शिकवणी कुठे लावावी, असे प्रश्न शेजाऱ्यांना विचारायचे. तेही बोलून, आपल्या भाषेत. उत्तर देणाऱ्याचे फक्त पहिले नाव दिसे. पुढे ते इतर शहरांतही गेले. दोनच वर्षांत, मे २०२०मध्ये, ते गुंडाळले गेले. पैसा, भाषा, नकाशा, तंत्रज्ञ, यांतले काहीच कमी नव्हते. गूगलसारखी कंपनी मुंबईत हे टिकवू शकली नाही, ही गोष्ट लहान शहरासाठी ॲप आखणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

‘जवळ’ची तीन मोजमापे

पहिले मत त्रिज्येचे. फोनचे ठिकाण घ्या, भोवती पाच किंवा दहा किलोमीटरचे वर्तुळ काढा आणि आत पडेल ते दाखवा. हे करायला सोपे आणि झटपट. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनचे ठिकाण साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते, त्यामुळे अचूकतेची चिंता नाही. जगातली बहुतेक ॲप असेच करतात.

अडचण वर्तुळाच्या आत आहे. मलकापुरातून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या विद्यानगर-सैदापूरला जायचे तर कराड ओलांडून कृष्णेचा पूल गाठावा लागतो. नकाशावर सरळ रेषेत ते अंतर किरकोळ दिसते, रस्त्याने तसे नाही. महामार्गाचेही तेच. पलीकडच्या बाजूचे सभागृह हाकेच्या अंतरावर असले, तरी दुचाकीवाल्याला योग्य त्या ठिकाणाहून वळसा घ्यावाच लागतो.

दुसरे मत म्हणूनच प्रवासाच्या वेळेचे. त्यामागे स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांची १९७०मधली मांडणी आहे. माणसाला दिवसात ठराविक वेळी ठराविक जागी असावेच लागते. मधल्या मोकळ्या वेळात जाऊन परत येता येईल तेवढाच त्याचा परिसर. सातारा-सांगली भागाला ही मांडणी नेमकी लागू पडते. इथे ‘जाता येईल का’ यापेक्षा ‘परत येता येईल का’ हा प्रश्न मोठा असतो. रात्री साडेनऊला नाटक सुटले आणि शेवटची एसटी नऊची असेल, वडापच्या खासगी जीपही थांबल्या असतील, तर गाडी नसलेल्याला ते नाटक जवळ नाहीच. पण असे मोजमाप करायचे तर एसटीचे वेळापत्रक आणि रस्त्यांची ताजी स्थिती हाताशी हवी. वडापचे तर वेळापत्रकच नसते.

तिसरे मत नावाचे. लोक किलोमीटरने विचार करत नाहीत. ‘कराडात’, ‘ढेबेवाडी फाट्यावर’, ‘आगाशिवच्या पायथ्याला’ असा करतात. तेव्हा यादी गाव, नाका, फाटा आणि तालुका यांच्या नावाने लावा, ठिकाण वापरकर्त्यालाच निवडू द्या. या मताची ताकद अशी, की ठिकाणाची परवानगी न देणाऱ्यालाही ॲप वापरता येते आणि गावाबाहेर नोकरी करणाऱ्याला आपल्या गावची यात्रा शोधता येते. मर्यादा जिल्ह्याच्या सीमेवर दिसते. मलकापूर सातारा जिल्ह्यात, पण सातारा शहर सुमारे पन्नास किलोमीटर दूर आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर तीसच्या आसपास. जिल्हानिहाय यादी केली, की वाळवा तालुक्यातला कार्यक्रम मलकापूरकराला दिसणारच नाही. शिवाय नावे बदलतात. राज्य शासनाने २०२५मध्ये इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. जुने आणि नवे, दोन्ही नावांनी शोधणारे लोक पुढची कित्येक वर्षे असणार. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले औंध शोधणाऱ्याला पुण्याचे उपनगर दाखवले जाण्याचा धोका तर जुनाच.

या घोळावर संकेतांक हा उपाय सतत पुढे येतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेला पिनकोड कोकणात जन्मलेले, संस्कृतात विपुल लेखन केलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. त्याची गरजच मुळी सारख्या नावांच्या गावांमुळे निर्माण झाली होती. २०२५मध्ये डाक विभागाने ‘डिजिपिन’ आणला. साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता. मैदानाच्या कोणत्या फाटकातून आत जायचे हेही त्याने सांगता येईल. मात्र कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तो छापला जाईपर्यंत ‘अमुक हॉस्पिटलसमोर’ हाच पत्ता चालणार.

तारीख, तिथी आणि अधिक मास

कार्यक्रमाचा दिवस कोणत्या कालगणनेने धरायचा, या प्रश्नावर परदेशी लेखनात फारसे काही सापडत नाही, आणि इथे तर तो पहिल्याच आठवड्यात आडवा येतो. सातारा-सांगली पट्ट्यातले ठळक कार्यक्रम तीन वेगवेगळ्या कालगणनांवर चालतात.

काही इंग्रजी तारखेने. २५ नोव्हेंबर हा यशवंतराव चव्हाणांचा स्मृतिदिन. कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीपाशी लोक येतात. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३मध्ये सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’ची ती आठवण, आणि त्या दिवशी सांगलीत भावे यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

काही सूर्याच्या गतीने. औदुंबरचे सदानंद साहित्य संमेलन मकर संक्रांतीला भरते. संक्रांत बहुधा १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ला.

आणि बरेचसे तिथीने. औंधचा संगीत महोत्सव गायक गजाननबुवा जोशी यांनी १९४०मध्ये सुरू केला. तो आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होतो. पालच्या खंडोबाची यात्रा पौषात, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी श्रावणात, विट्याची पालखी शर्यत दसऱ्याला. ‘दरवर्षी याच दिवशी’ अशी खूण संगणकात केली, तर तो इंग्रजी तारीखच पुन्हा लावतो. गणेश चतुर्थी २०२२मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४मध्ये ७ सप्टेंबरला आली. वर्षाला अकरा दिवस मागे, असे सरळ गणित बसवणाऱ्याला अधिक मास चकवतो.

कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात इंग्रजीखेरीज इतर कालगणनांच्या आवर्तनाची सोय २०१५मध्ये झाली. प्रत्यक्षात थोडीच ॲप ती वापरतात. त्यातही एक खाच आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. आपला आश्विन वद्य पक्ष तिकडच्या पंचांगात कार्तिक कृष्ण पक्ष असतो. उत्तरेच्या पद्धतीने लिहिलेली गणनेची आज्ञावली जशीच्या तशी उचलली, तर औंधचा महोत्सव महिनाभर आधीच्या पंचमीला दिसेल! काही जण म्हणतात, पंचांग ॲपमध्येच बसवा. काहींचे म्हणणे, आयोजकाकडून दरवर्षी नवी तारीख लेखी घ्यावी, कारण तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की कार्यक्रम कोणत्या दिवशी घ्यायचा ते शेवटी माणसेच ठरवतात. दुसरे मत अधिक व्यवहारी वाटते. पंचांगाने अंदाज द्यावा, शिक्कामोर्तब आयोजकाने करावे.

नोंद कोणी करायची?

सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हा आहे. रिकामे ॲप कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही, आणि कोणी उघडत नसेल तर आयोजक त्यात नोंद करत नाही.

एक बाजू आपोआप गोळा करण्याची. संस्थांची संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरची पाने आणि तिकीटविक्रीच्या याद्या यांतून यंत्राने माहिती उचलावी. २०११पासून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ या प्रकल्पाने पानावरचा कार्यक्रम शोधयंत्राला ओळखता यावा अशी ठराविक खूण दिली आहे. महानगरांत हे बऱ्यापैकी चालते. मलकापूर-कराडात कार्यक्रमाची पहिली बातमी बहुधा चित्ररूपात फिरते. रंगीत जाहिरातपट, त्यावर दहा जणांचे फोटो आणि खाली बारीक अक्षरात वेळ. चित्रातले देवनागरी वाचणारी तंत्रे आता बरी झाली आहेत, पण ‘सायं. ठीक ६ वा.’ याचा प्रत्यक्ष अर्थ कोणते यंत्र सांगणार?

दुसरी बाजू लोकांच्या हाती सोपवण्याची: ज्याला कळले त्याने टाकावे. २००४मध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ असाच उभा राहिला. पण रस्ता वर्षानुवर्षे जागेवर राहतो. कार्यक्रम संध्याकाळी संपतो. चुकीची नोंद दुरुस्त होईपर्यंत तिचा उपयोगच संपलेला असतो. कधी त्याचे परिणाम भयंकर होतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच गप्पांत संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ‘आसपासची’ म्हणून आलेली माहिती लोक चटकन खरी मानतात, म्हणून स्थानिक ॲपवर पडताळणीची जबाबदारी जास्तच येते.

तिसरी बाजू निवडक माणसांची. वर्तमानपत्रांच्या स्थानिक आवृत्त्यांतले ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर याच रीतीने चालत आले. कार्यालयात चिठ्ठी यायची, कोणी तरी फोन करून खात्री करायचे आणि मग छापायचे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सामुदायिक रेडिओची दोन केंद्रे आहेत: म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ आणि जत तालुक्यात जालिहाळची ‘येरळावाणी’. तिथे गावचीच माणसे गावच्या बोलीत माहिती देतात, आणि ऐकणाऱ्याला सांगणारा ठाऊक असतो. या पद्धतीला पगार लागतो, तिची व्याप्ती लहान राहते, आणि निवडणारा कोणाला डावलतो हा प्रश्न उरतो. वस्तीवरची भीमजयंती, उरूस, महिला बचतगटाचा मेळावा आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे शिबिर यांना सारखी जागा मिळेल का? आक्षेप रास्त आहे. पण आपोआप यादीतही डावलणे असतेच, फक्त ते कोणी केले हे कळत नाही. आजवरचे अनुभव एकत्र ठेवले, तर लहान शहरात नाव-गाव माहीत असलेल्या माणसाने केलेली नोंद सर्वांत विश्वासाची ठरते, असेच म्हणावे लागते.

ठावठिकाणा आणि सुरक्षितता

फोनचे ठिकाण म्हणजे माणसाचे ठिकाण. २०१३मध्ये संशोधक द मोंज्वा आणि सहकाऱ्यांनी पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या. चारच वेळचे ढोबळ ठिकाण कळले, तर ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात, असे त्यांना आढळले. एक वर्ष आधी ‘गर्ल्स अराउंड मी’ या ॲपने फोरस्क्वेअर आणि फेसबुकवरची उघडी माहिती जोडून जवळच्या मुली नकाशावर दाखवल्या होत्या. ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. जानेवारी २०१८मध्ये ‘स्ट्रावा’ या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटांमुळे लष्करी तळ उघडे पडले. लहान शहरात चार ठिकाणांचीही गरज नसते. तिथे लोक एकमेकांना एरवीच ओळखतात.

फोनच्या यंत्रणा त्यानंतर कडक झाल्या. ॲप उघडे असतानाच ठिकाण देण्याची मुभा ॲन्ड्रॉइडवर २०१९मध्ये आली. नेमके न देता ढोबळ ठिकाण देण्याची सोय आयफोनवर २०२०मध्ये आणि ॲन्ड्रॉइडवर २०२१मध्ये. कार्यक्रमांच्या यादीला ढोबळ ठिकाण पुरते, यावर आता बहुतेक रचनाकारांचे एकमत दिसते. फोन सतत मागावर ठेवून ‘तुमच्या शेजारीच प्रदर्शन चालू आहे’ असे सुचवण्याची कल्पना मोहक आहे, पण तिच्यासाठी बॅटरी आणि विश्वास दोन्ही खर्ची पडतात.

कायद्याची बाजू वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर आलेल्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि तिच्या वागण्याचा माग ठेवण्यास मनाई आहे. क्रीडा शिबिरे, वक्तृत्व स्पर्धा, चित्रकलेचे वर्ग यांचा मुख्य वर्ग नेमका हाच. एका मताप्रमाणे अशा ॲपने खातेच मागू नये. यादी सर्वांना उघडी ठेवावी. दुसऱ्या मताप्रमाणे खाते नसेल तर खोट्या नोंदी आणि गैरवर्तन रोखता येत नाही. वाचायला खाते नको, नोंदवायला हवे, हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात.

वेगळे ॲप हवे का, आणि त्याचा खर्च कोणी करायचा

व्हॉट्सॲपच्या एका गटात आता १,०२४ माणसे मावतात. लोक तिथे आधीपासून आहेत, बोलून निरोप देतात, नवे काही शिकावे लागत नाही. वेगळ्या ॲपच्या विरोधकांचा हा मुद्दा भक्कम आहे. उणीव शोधण्याची: सकाळी आलेली पत्रिका संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडली जाते, आणि जो गटात नाही, म्हणजे नव्याने राहायला आलेला, त्याला काहीच कळत नाही. कृष्णा रुग्णालय आणि त्याच्या विद्यापीठामुळे मलकापुरात बाहेरगावचे विद्यार्थी आणि कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांना गावातल्या गटात कोण घेणार?

पैशाचे गणित अजून कोणाला नीट जमलेले नाही. ऑगस्ट २०२४मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीट व्यवसाय २,०४८ कोटी रुपयांना घेतला आणि ‘डिस्ट्रिक्ट’ हे ॲप आणले. तिकीट असलेल्या करमणुकीत पैसा आहे, हे यावरून स्पष्ट होते. गावातले बहुतेक कार्यक्रम मात्र विनामूल्य. इनशॉर्ट्सने २०१९मध्ये आणलेल्या ‘पब्लिक’ने स्थानिक चित्रफिती आणि जाहिराती असा रस्ता घेतला, त्यात घडून गेलेल्याला जास्त जागा मिळते, घडणार असलेल्याला कमी. तिसरा पर्याय सार्वजनिक: नगरपरिषद, नगर वाचनालय, महाविद्यालय यांनी मिळून यादी चालवावी. मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली आणि तिचे नाव देशभर झाले, तेव्हा अशा शहराला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. हरकत अशी, की सत्ता बदलली की यादीचा सूरही बदलू शकतो.

अजून न सुटलेले

फोरस्क्वेअरने नोव्हेंबर २०२४मध्ये जगभरच्या दहा कोटींहून अधिक ठिकाणांची माहिती सर्वांना खुली केली. ठिकाणांचा साठा त्यामुळे स्वस्त झाला. कार्यक्रमांचा तसा खुला साठा नाही, आणि मराठीत तर नाहीच. ॲप बंद पडले तर वर्षानुवर्षांच्या नोंदी कोणाच्या, याचेही उत्तर ठरलेले नाही. कोणत्या गावात कोणती व्याख्यानमाला किती वर्षे चालली, कुस्तीचे कोणते मैदान कधी बंद पडले, हा स्थानिक इतिहासाचा ऐवज त्या नोंदींत साठत जाणार असतो.

यशाचे मापही ठरायचे आहे. ॲप किती जणांनी उतरवून घेतले आणि दिवसातून किती मिनिटे उघडे राहिले, हे मोजणे सोपे असते, आणि गुंतवणूकदार तेच विचारतात. यादी पाहून किती माणसे प्रत्यक्ष सभागृहात आली, हे कळायचे तर दारात कोणी तरी ‘तुम्हाला कुठून कळले?’ असे विचारायला हवे. औंध, औदुंबर किंवा कराड यांसारख्या ठिकाणी, जिथे कार्यक्रमाला दशकांची सवय आहे आणि आयोजक श्रोत्यांना चेहऱ्याने ओळखतात, तिथे असा छोटा अभ्यास एका हंगामात होऊ शकतो.